घोड्याच्या आहारातील प्रथिने: गरज कशी मोजावी आणि चंदी (धान्याचा खुराक) कशी बसवावी

पोट सुटलेले आणि बरगड्या झाकलेल्या, पण पाठीचा कणा वर आलेला, खोगिराच्या जागेच्या दोन्ही बाजूंना खळगे पडलेले आणि पुठ्ठे उतरलेले, असा घोडा आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणी, लग्नाच्या वरातीत किंवा गावच्या जत्रेत पुष्कळदा पाहायला मिळतो. मालक बहुधा प्रेमापोटीच त्याच्या घमेल्यात गव्हाचा कोंडा वाढवतो आणि वर गूळही घालतो. त्याने घोड्याचे वजन थोडे वाढते, पण पाठ भरत नाही. अशा घोड्याला पोटभर अन्न मिळत असते, मात्र स्नायू बांधण्यासाठी लागणारी प्रथिने, त्यातही विशिष्ट प्रतीची प्रथिने, कमी पडत असतात. ही उणीव अंदाजाने भरून काढता येत नाही. त्यासाठी वजनकाटा, मोजपट्टी आणि थोडी आकडेमोड लागते. पुढील विवेचन प्रामुख्याने ३०० ते ४०० किलो वजनाच्या देशी घोड्याला समोर ठेवून केले आहे, कारण महाराष्ट्रात सवारीसाठी पाळले जाणारे पुष्कळ घोडे याच वजनाच्या आसपास असतात.

प्रथिने कोठे पचतात

घोडा गवत खातो म्हणून त्याला गाई-म्हशींच्या रांगेत बसवणे, ही त्याच्या खाण्याबाबतची सर्वात महागात पडणारी समजूत आहे. गाईच्या पहिल्या पोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते हलक्या प्रतीच्या चाऱ्यापासून स्वतःच्या शरीराची प्रथिने तयार करतात, आणि हे सूक्ष्मजीव पुढे आतड्यात गेल्यावर गाय त्यांनाच पचवते. घोड्यात हे सूक्ष्मजीव लहान आतड्याच्या पुढे, म्हणजे मोठ्या आतड्यात राहतात. तेथे तयार झालेल्या प्रथिनांचा बहुतांश भाग घोड्याच्या उपयोगी न पडता लिदीबरोबर बाहेर जातो. घोड्याला अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनलेली असतात ते घटक, मिळतात ती मुख्यतः लहान आतड्यात, आणि तीही अन्नात मुळात असतील तेवढीच. म्हणून घोड्याच्या बाबतीत प्रथिने किती ग्रॅम दिली याइतकेच ती कोणत्या पदार्थातून दिली यालाही महत्त्व आहे.

अमिनो आम्लांपैकी काही घोड्याचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही, आणि त्यांतले लायसिन सहसा सर्वांत आधी कमी पडते. लायसिन अपुरे असेल तर बाकीची अमिनो आम्ले मुबलक असूनही स्नायू, खूर, केस आणि दूध यांची बांधणी तेवढ्यावरच अडते, आणि उरलेल्या प्रथिनांचा युरिया होऊन ती मूत्रावाटे निघून जातात. याच कारणाने पुढे प्रत्येक पदार्थाबरोबर लायसिनचाही हिशेब धरला आहे.

पहिली पायरी: घोड्याचे वजन काढणे

मोठा काटा जवळ नसेल तर शिंप्याची मोजपट्टी पुरते. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभा करावा. पुढच्या पायांच्या कोपरांमागून, तंग बांधतात त्या जागी, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत अंगाची लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. येईल ते अंदाजे वजन किलोमध्ये असते. उदाहरणार्थ, घेर १६६ आणि लांबी १५० सेंटिमीटर असेल तर वजन सुमारे ३४८ किलो येते. हे सूत्र वाढ पूर्ण झालेल्या घोड्यासाठी आहे. गाभण घोडीला आणि लहान शिंगराला ते नीट लागू पडत नाही.

दुसरी पायरी: दिवसाची गरज ठरवणे

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ साली सुधारलेले घोड्यांच्या पोषणगरजांचे तक्ते आजही जगभर आधारभूत मानले जातात. त्यांनुसार, काम नसलेल्या प्रौढ घोड्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.२६ ग्रॅम प्रथिने लागतात. हलक्या कामाला हा आकडा १.४ ग्रॅम, मध्यम कामाला १.५४ ग्रॅम आणि भारी कामाला १.७२ ग्रॅमच्या आसपास जातो. लायसिनची गरज या प्रथिनांच्या ४.३ टक्के धरली जाते.

याचा अर्थ ३५० किलोच्या घोड्याला आरामात असताना ४४० ग्रॅम आणि रोज मध्यम सवारी असताना ५४० ग्रॅम प्रथिने पुरतात. मध्यम कामाच्या दिवसांत लायसिन २३ ग्रॅमच्या आसपास मिळाले पाहिजे. काम वाढले म्हणून प्रथिनांची गरज काही दुप्पट होत नाही. कामाने मुख्यतः वाढते ती ऊर्जेची गरज. माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे मोटारींना बंदी असल्याने पर्यटकांची ने-आण आणि मालवाहतूक या दोन्हींचा मोठा भार घोड्यांवर आहे, तेथे सुट्टीच्या दिवसांत काम भारी आणि एरवी हलके असे असते. अशा घोड्याची प्रथिने आठवडाभर मध्यम कामाच्या हिशेबाने स्थिर ठेवावीत आणि धान्य मात्र कामाच्या दिवसांनुसार कमी-जास्त करावे. काम नसलेल्या दिवशीही पूर्ण धान्य खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला जुंपला की त्याचे पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे ताठरण्याचा आणि मूत्र गडद तांबूस होण्याचा धोका असतो.

तिसरी पायरी: चाऱ्यातून काय मिळते ते पाहणे

येथे थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडची मूळ अडचण चाऱ्यातच आहे. घोड्यांच्या आहाराविषयीची परदेशी पुस्तके ज्या वाळलेल्या गवताचा हिशेब धरतात, ते फुलोऱ्याच्या आधी कापलेले असते आणि त्यात ८ ते १२ टक्के प्रथिने असू शकतात. सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत साधारणपणे पाऊस संपून बी धरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापले जाते. तोपर्यंत त्यातली प्रथिने ३ ते ५ टक्क्यांवर उतरलेली असतात. ज्वारीचा कडबाही याच पातळीवर असतो आणि गव्हाचे काड त्याहून खाली. परदेशी पुस्तकातील 'गवत पोटभर द्या, प्रौढ घोड्याला पुरेल' हा सल्ला त्यामुळे आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

तरीही चारा हाच आहाराचा पाया आहे आणि तो दिवसाला वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला सव्वापाच किलोच्या खाली कधीही जाऊ नये. गवत विकत घेताना ते काडीने जाड आणि पिवळे पडलेले आहे की पानांनी भरलेले आणि हिरवट आहे, हे पेंढी सोडून पाहावे. मारवेल आणि पवना ही गवते वेळेवर कापलेली असतील तर चार पैसे अधिक देऊनही घ्यावीत, कारण पानातली प्रथिने काडीपेक्षा कितीतरी जास्त असतात. पिकलेल्या कुसळी गवताची कुसळे घोड्याच्या जिभेत आणि हिरड्यांत रुततात, म्हणून ते टाळावे. कडबा द्यायचा झाल्यास त्याची कुट्टी करून, गवताबरोबर मिसळून द्यावा.

हिरव्या चाऱ्यात लसूणघासाची बरोबरी करणारे दुसरे काही आपल्याकडे सहज मिळत नाही. त्याच्या कोरड्या भागात १८ ते २० टक्के प्रथिने असतात, त्यांत लायसिन चांगले असते आणि कॅल्शियमही भरपूर असते. मात्र हिरव्या लसूणघासात जवळजवळ ८० टक्के पाणी असते, म्हणून ५ किलो हिरवा घास दिला तर प्रथिने सुमारे २०० ग्रॅमच मिळतात. कापून काही तास सावलीत सुकू दिलेला घास थोड्या प्रमाणापासून सुरू करून वाढवावा. दव पडलेला किंवा ढीग करून ठेवल्याने तापलेला घास पोटदुखीला निमंत्रण देतो.

संकरित नेपियर हे दुधाच्या जनावरांसाठी लोकप्रिय गवत घोड्याला मुख्य चारा म्हणून देऊ नये. त्यातील ऑक्झलेट चाऱ्यातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि दीर्घकाळात जबड्याची व तोंडाची हाडे फुगून मऊ होतात. सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने भरपूर असली तरी त्यातील मिमोसिनमुळे घोड्याची आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. शेळ्यांना मानवणारा पाला घोड्याला मानवेलच असे नाही.

चौथी पायरी: चंदीतील पदार्थ निवडणे

हरभरा ही आपल्याकडची जुनी चंदी आहे, आणि कोरड्या, अर्धपोषित चाऱ्याच्या प्रदेशात तिची निवड शास्त्राच्या कसोटीवरही उतरते. हरभऱ्यात सुमारे २० टक्के प्रथिने असतात आणि त्या प्रथिनांत ६ टक्क्यांहून अधिक लायसिन असते. कोरडा हरभरा तोलून घ्यावा, सहा ते आठ तास भिजवावा, पाणी ओतून द्यावे आणि मग तोबऱ्यात घालावा. उन्हाळ्यात रात्रभर भिजलेल्या हरभऱ्याला आंबूस वास येत असेल तर तो टाकून द्यावा. भिजल्यावर हरभरा फुगतो, म्हणून भिजलेल्या मापावरून प्रमाण ठरवणे फसवे ठरते. हुलग्यांतही प्रथिने हरभऱ्याइतकीच असतात, पण ते शिजवूनच द्यावेत, कारण कच्च्या हुलग्यांतील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात.

ओट आणि जव यांत १० ते १२ टक्के प्रथिने असतात, पण त्यांचे खरे काम ऊर्जा पुरवण्याचे. मक्यात प्रथिने ८ ते ९ टक्के आणि लायसिन तर नाममात्र असते. गव्हाच्या कोंड्यात प्रथिने १५ टक्क्यांच्या आसपास दिसतात आणि म्हणून तो पुष्कळांना पुरेसा वाटतो. परंतु त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो, आणि घोड्याच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा नेहमी अधिक असले पाहिजे. दिवसाला दीड-दोन किलो कोंडा वर्षानुवर्षे खाणारा घोडा आपल्याच हाडांतील कॅल्शियम खर्च करत राहतो. अर्धा किलोच्या वर कोंडा नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थोड्या वजनात अधिक प्रथिने हवी असतील तर सोयाबीन पेंड सर्वांत उपयुक्त ठरते. तिच्यात ४४ ते ४८ टक्के प्रथिने आणि सुमारे २.८ टक्के लायसिन असते, म्हणजे २०० ग्रॅम पेंडीतून ९० ग्रॅम प्रथिने आणि साडेपाच ग्रॅम लायसिन मिळते. ही पेंड तयार होताना तापवलेली असते. घरचे कच्चे सोयाबीन भरडून देणे मात्र चुकीचे आहे, कारण त्यातही हुलग्यांसारखेच पचनरोधक घटक असतात. शेंगदाणा पेंडीत प्रथिने ४० टक्क्यांच्या वर असली तरी लायसिन कमी असते, आणि दमट हवेत तिच्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताचा घात करते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात ती घोड्यासाठी साठवूच नये. जवसाच्या पेंडीने केसांना चकाकी येते, पण लायसिनसाठी तिच्यावर विसंबू नये.

पाचवी पायरी: हिशेब जुळवणे

वर घेतलेल्या ३५० किलोच्या घोड्याचेच उदाहरण पुढे नेऊ. त्याचे काम मध्यम आहे आणि त्याला दिवसाला ६ किलो वाळलेले गवत व दीड किलो कोंडा मिळतो. गवतात ४ टक्के प्रथिने धरली तर २४० ग्रॅम मिळतात आणि कोंड्यातून २२५ ग्रॅम. एकूण ४६५ ग्रॅम. गरज ५४० ग्रॅमची आहे. लायसिन गवतातून अंदाजे ७ आणि कोंड्यातून ९, असे १६ ग्रॅम भरते, तर हवे आहे २३ ग्रॅम. प्रथिनांची तूट साधारण १४ टक्के आहे, पण लायसिनची तूट ३० टक्क्यांच्या घरात जाते. केवळ प्रथिनांचे ग्रॅम मोजून थांबणाऱ्याला ही दुसरी तूट दिसतच नाही.

आता गवत तेवढेच ठेवून कोंडा अर्ध्या किलोवर आणू, एक किलो भरडलेले जव किंवा ओट देऊ आणि पाऊण किलो हरभरा, कोरडा तोलून, भिजवून देऊ. गवताचे २४०, कोंड्याचे ७५, जवाचे ११० आणि हरभऱ्याचे १५० मिळून प्रथिने ५७५ ग्रॅम होतात. लायसिन अनुक्रमे ७, ३, ४ आणि १० मिळून २४ ग्रॅमवर पोहोचते. ऊर्जाही मध्यम कामाला पुरेल इतकी होते, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण ऊर्जा कमी पडली तर शरीर प्रथिनेच जाळून तिची भरपाई करते आणि महागडी चंदी वाया जाते. हरभरा महाग झाला असेल तर त्याचे प्रमाण ३५० ग्रॅमवर आणून २०० ग्रॅम सोयाबीन पेंड घालता येते. फक्त कमी झालेल्या ऊर्जेसाठी जव पाव किलोच्या आसपास वाढवावेत. रोज ५ किलो हिरवा लसूणघास मिळत असेल तर हरभरा निम्मा पुरतो.

धान्य, कोंडा आणि हरभरा मिळून एका वेळी दीड किलोच्या वर जाऊ नये. घोड्याचे पोट लहान असते आणि न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात गेला तर तेथे आम्ल वाढून पोटशूळ किंवा खुरांचा दाह होऊ शकतो. दिवसातून तीन वेळा थोडे थोडे देणे उत्तम. चंदीच्या आधी थोडे गवत द्यावे, रोज २५ ते ३० ग्रॅम साधे मीठ द्यावे आणि स्वच्छ पाणी सतत समोर ठेवावे, कारण प्रथिनांच्या विघटनातून तयार झालेला युरिया बाहेर टाकण्यासाठी पाणी लागते. कोरडे गवत आणि धान्य यांवर असलेल्या घोड्याला कॅल्शियमसाठी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने खनिज मिश्रण किंवा चुनखडीची भुकटी द्यावी लागते.

काय अजिबात देऊ नये

कोंबड्यांच्या खाद्यात आणि काही पशुखाद्यांत मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही औषधे मिसळलेली असतात. घोड्याला ती अगदी थोड्या मात्रेतही जीवघेणी ठरतात, कारण ती हृदयाच्या स्नायूंवरच घाव घालतात. 'प्रथिने २० टक्के' असे पोत्यावर पाहून गाईचे किंवा कोंबडीचे खाद्य घोड्यापुढे ठेवणे म्हणूनच अत्यंत धोक्याचे आहे. शिवाय काही पशुखाद्यांतील प्रथिनांच्या आकड्यात युरियाचा वाटा असतो, आणि घोड्याला युरियाचा उपयोग जवळजवळ होत नाही. एरंडाची पेंड शेतात खत म्हणून वापरतात. तिची पोती घोड्याच्या जागेजवळही ठेवू नयेत. स्वस्त हरभरा-चुणीत लाखोळीची भेसळ तर नाही ना, हे विदर्भाच्या बाजूने माल घेणाऱ्यांनी विशेष पाहावे, कारण लाखोळी खाल्लेल्या घोड्याच्या स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडतात आणि थोड्या श्रमानेही त्याच्या श्वासाला घरघर लागते. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य शिंगरांना विशेष बाधते.

घोडी, शिंगरू आणि म्हातारा घोडा

घोडी साधारण ११ महिने गाभण असते. पहिले काही महिने तिची गरज विशेष वाढत नाही, पण शेवटच्या महिन्यात ३५० किलोच्या घोडीला सुमारे ६२५ ग्रॅम प्रथिने लागतात आणि विल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तीच गरज १,०७५ ग्रॅमवर जाते, म्हणजे आरामातल्या घोडीच्या जवळजवळ अडीच पट. एवढी प्रथिने पिकलेल्या गवतातून मिळणे शक्यच नाही. येथे लसूणघास, हरभरा आणि सोयाबीन पेंड या तिन्हींची मदत घ्यावी आणि वाढ विण्याच्या महिनाभर आधीपासून हळूहळू करावी.

मोठेपणी ३५० किलो होणाऱ्या शिंगराचे वजन सहाव्या महिन्यात १५० किलोच्या आसपास असते, तरी त्याला दिवसाला सुमारे ४७० ग्रॅम प्रथिने आणि २० ग्रॅम लायसिन लागते. पागेत आरामात उभ्या असलेल्या मोठ्या घोड्यापेक्षाही ही गरज जास्त आहे. आईच्या घमेल्यातील उरलेसुरले खाऊन वाढणारे शिंगरू त्यामुळेच खुजे राहते. दोन महिन्यांचे झाल्यापासून त्याला आईचे तोंड पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात १५ ते १६ टक्के प्रथिनांची वेगळी चंदी द्यावी. जास्त प्रथिनांनी शिंगराचे पाय वाकडे होतात, हा समज खरा नाही. धान्याचा अतिरेक, अति वेगाने होणारी वाढ आणि खनिजांचा असमतोल ही त्यामागची कारणे अधिक बळकट आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेत शिंगरू विकायला न्यायचे म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत मका आणि गूळ खाऊ घालून ते गोलमटोल करण्याचा मोह आवरावा, कारण ती चरबी असते, बांधा नव्हे.

म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत आधी दात पाहावेत. चघळलेल्या गवताचे बोळे खाली पडत असतील किंवा लिदीत सबंध दाणे दिसत असतील, तर प्रथिने वाढवण्याआधी दात घासून घेणे आणि चंदी भरडून, भिजवून, मऊ करून देणे हाच उपाय आहे.

बदल आणि पाहणी

कोणताही बदल ७ ते १० दिवसांत, थोडा थोडा करावा. त्याआधी लिदीची तपासणी करून जंतांचे औषध द्यावे, नाहीतर दिलेल्या चंदीचा मोठा वाटा जंतांना जातो. दर १५ दिवसांनी छातीचा घेर मोजून वहीत लिहावा आणि महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच बाजूने घोड्याचा फोटो काढावा. केसांतील फरक पहिल्या सहा आठवड्यांत दिसू लागतो, पाठीच्या स्नायूंना दोन ते तीन महिने लागतात, आणि खुराची भिंत वरून खालपर्यंत नवी येण्यास जवळजवळ वर्ष जाते. नालबंदाला नव्या वाढीविषयी विचारत राहावे. त्याच्या हातांना खुराचा बदल आधी कळतो. स्नायू बांधले जाण्यासाठी व्यायामही लागतो, म्हणून दिवसभर बांधून ठेवलेल्या घोड्याची पाठ केवळ चंदीने भरत नाही. चढावर चालत नेणे हा त्यासाठी चांगला व्यायाम आहे.

प्रथिने जास्त होत असतील तर ठाणे ते सांगते. सकाळी दार उघडताच अमोनियाचा उग्र वास डोळ्यांत झोंबू लागला, अंथरूण नेहमीपेक्षा ओले राहू लागले आणि पाणी पिणे वाढले, तर हिशेब पुन्हा तपासावा. हा वास सहन करत उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या श्वासनलिकांना त्याचा त्रास होतो. हरभरा किंवा पेंड १०० ग्रॅमच्या टप्प्याने कमी करावी.

आणि सर्व हिशेब बरोबर असूनही तीन महिन्यांत पाठ भरली नाही, तर चाऱ्याचा नमुना पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पशुपोषण विभागात तपासता येतो का ते विचारावे. अनेक पेंढ्यांतून मूठ मूठ गवत काढून एकत्र केलेला नमुना न्यावा, एकाच पेंढीतला नेऊ नये. त्याच वेळी पशुवैद्यकांकडून घोड्याच्या रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाची आणि यकृत-मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी, कारण आतड्याच्या किंवा यकृताच्या आजारात उत्तम चंदीही अंगी लागत नाही आणि तेव्हा उपचार आजारावर करावे लागतात.